दुसरा ब्रेक नसलेली गाडी

शहरात जी माणसं चारचाकी चालवतात, त्यांच्यातली निम्मी तरी बाईंच्या हाताखालून गेलेली असतील. बाई एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये एकवीस वर्षं शिकवत होत्या. करड्या रंगाची छोटी गाडी, छतावर ‘एल’ची पाटी, शिकणारा स्टिअरिंगवर आणि बाई शेजारच्या सीटवर. त्यांच्या पायाशी ब्रेक आणि क्लचचा वेगळा जोड बसवलेला होता. शिकणाऱ्याने काहीही घोळ घातला तरी बाईंचा पाय तिथे असायचा.

विद्यार्थी नाना तऱ्हेचे यायचे. एक दातांचे डॉक्टर होते. दुसऱ्याच्या जबड्यात सुई घालताना त्यांचा हात हलायचा नाही, पण चौकात हिरवा दिवा लागला की त्यांना घाम फुटायचा. एक शिंपी होता, तो शिलाई मारल्यासारखा अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा. बाई कधी कुणावर ओरडल्या नाहीत. “गाडी बंद पडली म्हणजे गाडीच बंद पडली, जग नाही,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लोक म्हणायचे, बाईंचं काळीज वाघाचं आहे.

पण दिव्याखाली अंधार असतो, तो कुणाला दिसत नव्हता.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी बाई एकट्या गाडी घेऊन परत येत होत्या. स्वतः स्टिअरिंगवर. मोठ्या उड्डाणपुलाच्या मध्यावर आल्या आणि कुठलंही कारण नसताना त्यांच्या हातांना मुंग्या आल्या. छाती आवळली. पुलाचा कठडा बुटका होत चालला आहे आणि गाडी आपोआप त्याच्याकडे ओढली जाते आहे, असं वाटायला लागलं. आता आपण मरणार, अशी त्यांची खात्रीच पटली. कशीबशी गाडी कडेला घेतली आणि स्कूलच्या मालकांना फोन केला की गाडी तापली आहे. मेकॅनिक आला, त्याला बिचाऱ्याला काहीच सापडलं नाही. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी बाईंचं हृदय तपासलं, त्यांनाही काही सापडलं नाही.

त्या दिवसानंतर बाईंनी पुलावर, चढावर, कुठल्याही उंच रस्त्यावर स्वतः गाडी चालवली नाही. शेजारच्या सीटवर, पायाशी तो दुसरा ब्रेक असला, की त्या पूर्वीच्याच बाई असायच्या. त्याच पुलावरून त्यांनी त्या दोन वर्षांत शेकडो विद्यार्थी नेले. घरी मात्र कुठे जायचं म्हटलं की त्या म्हणायच्या, “दिवसभर गाडीतच असते मी. मला कंटाळा येतो. तुम्ही चालवा.” आणि त्यांचे यजमान चालवायचे.

यजमान शाळेत भूगोल शिकवायचे. सगळे त्यांना सर म्हणत. पस्तीस वर्षं त्यांनी भिंतीवरच्या नकाशावर छडी ठेवून आल्प्स शिकवला. हिमनदी कशी सरकते, दरीचा तळ इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा कसा होतो, हे ते इतकं रंगून सांगायचे की मागच्या बाकावरची पोरंही जागी व्हायची. स्वतः सरांनी गावाबाहेरच्या टेकडीपेक्षा उंच काही चढलेलं नव्हतं.

निवृत्तीला सहा महिने झाले आणि सरांचा उजवा हात थरथरायला लागला. मोठ्या डॉक्टरांनी त्यांना दोनदा चालवून पाहिलं, बोटं उघडमीट करायला लावली आणि सांगितलं, कंपवाताची सुरुवात आहे. गोळ्या वेळेवर घ्यायच्या, रोज चालायचं, गाडी चालवायची नाही.

सर टॅक्सीने घरी आले. जिना चढून आल्यावर बूट काढता काढता म्हणाले, “पाय आहेत तोवर जाऊन येऊ.”

“कुठे?”

“आल्प्समध्ये. आपण तिघं. गाडी भाड्याने घेऊ आणि घाटाघाटांतून फिरू. जिथे वाटेल तिथे उतरायचं आणि झेपेल तेवढं चालायचं.”

बाईंनी हो म्हटलं. त्या वेळी नाही म्हणणारी बायको दगडाचीच असायला हवी होती.

मुलगी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती, सव्वीस वर्षांची. तिला गाडी येत नव्हती. बाईंनी तिला शिकवायचा दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा दोघी एकमेकींशी न बोलता घरी परतल्या होत्या. तेव्हा चालवणार कोण, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. ज्या घरात ड्रायव्हिंगची मास्तरीण आहे, तिथे तो विचारायचा कशाला?

जेवायच्या टेबलावर नकाशा पसरला तो तीन महिने तिथेच राहिला. जेवण स्वयंपाकघरात उभ्याने व्हायला लागलं. सर लाल पेन्सिलीने रस्ता काढायचे. हात थरथरायचा, त्यामुळे सरळ रस्तेही वळणावळणाचे दिसायचे. मुलगी लॅपटॉपवर रोजचा तक्ता करायची: किती किलोमीटर गाडीने, किती पायी, मुक्काम कुठे, डोंगरातल्या कुठल्या विश्रामघरात खाटा मिळतात. सरांनी डोंगरात चालायचे बूट आणले आणि ते सैल व्हावेत म्हणून घरभर घालून फिरायला लागले. खालच्या मजल्यावरच्या आजी वर येऊन विचारून गेल्या, नवीन फरशी बसवताय का.

“आई, गाडी साधी घेऊ की ऑटोमॅटिक?” एकदा मुलीने विचारलं.

“बघू.”

“आणि तुला सवय आहे म्हणून सांगते, भाड्याच्या गाडीत दुसरा ब्रेक मिळत नाही हं.”

सर हसले. बाईही हसल्या आणि उठून स्वयंपाकघरात गेल्या. नळ सोडून बराच वेळ नुसत्या उभ्या राहिल्या.

सरांनी मधोमध एक घाट धरला होता. सत्तावीस वळणांचा. सव्विसाव्या वळणावर रस्ता दरीच्या कडेने जातो आणि समोर हिमनदी दिसते, असं त्यांनी वाचलं होतं. “प्रवास कितीही कमी करा, पण हा घाट ठेवा,” ते म्हणायचे. बाई शांत चेहऱ्याने मान हलवायच्या. दुपारी एकट्या असल्या की त्या घाटाचे व्हिडिओ फोनवर आवाज बंद करून बघायच्या. नवव्या वळणाच्या पुढे त्यांना कधी बघवलं नाही.

एकदा त्यांनी खडा टाकून पाहिला. “अहो, तिकडे रेल्वे म्हणे फार छान आहे. खिडकीत बसून सगळं दिसतं.”

“दिसतं गं. पण मला मधेच थकवा आला, पाय अडकले, तर गाडी माझ्यासाठी थांबेल का? आपली गाडी असली की कुणाची वेळ चुकत नाही.” सरांनी पेन्सिल खाली ठेवली. “आणि तू असताना मला कसली काळजी?”

बाईंनी पुन्हा रेल्वेचं नाव काढलं नाही.

परदेशात चालवायचा परवाना काढायला त्या वाहतूक कार्यालयात गेल्या. तिथला कारकून त्यांना वर्षानुवर्षं ओळखत होता. त्याने रांगेतून बोलावून घेतलं, शिक्का मारला आणि शेजारच्याला मोठ्याने सांगितलं, “बाई आल्प्सला चालल्यात. घाटालाच शिकवून येतील.” सगळी रांग कौतुकाने बघायला लागली. बाईंनी कागद पर्समध्ये घातला आणि सांगता येणार नाही इतक्या वेगाने तिथून बाहेर पडल्या.

निघायला आठ आठवडे उरले होते. बाईंनी शहराच्या दुसऱ्या टोकाला, जिथे त्यांना कुणी ओळखणार नाही अशी एक ड्रायव्हिंग स्कूल शोधली आणि माहेरच्या आडनावाने नाव घातलं. फॉर्मवर लिहिलं: परवाना आहे, सराव सुटला आहे. शिकवायला एक सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची मुलगी होती. केस बांधलेले, तोंडात लवंग.

बाई स्टिअरिंगवर बसल्या. सीट पुढे घेतली, आरसे लावले, पट्टा बांधला. मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली.

“मावशी, तुम्ही कुठल्या स्कूलमध्ये शिकवता?”

“मी? छे.”

“तुम्ही स्वतःचा आरसा लावायच्या आधी माझा लावून दिलात. शिकवणाऱ्याचा. शिकायला येणाऱ्याला तो आरसा आहे हेच माहीत नसतं.”

बाईंना खोटं बोलता येईना. गाडी सुरूसुद्धा केली नव्हती, तिथेच, स्कूलच्या दारात, त्यांनी सगळं सांगून टाकलं. पूल, कठडा, मेकॅनिक, सरांचा हात, सत्तावीस वळणं. दोन वर्षं जिवाभावाच्या माणसांपासून लपवलेलं एका परक्या पोरीला वीस मिनिटांत सांगितलं. मुलीने घाबरू नका म्हटलं नाही. तिने लवंग चावली आणि म्हणाली, “तुम्हाला शिकवता तर येतंय ना? मग मीच शिकणारी आहे असं समजा आणि चालवताना मोठ्याने शिकवा. मधे थांबायचं नाही.”

तसं सुरू झालं. मंगळवार, शुक्रवार आणि रविवारी सकाळी. घरी बाई सांगायच्या, जादा विद्यार्थी आलेत. पुलाच्या चढाला लागल्या की त्या बोलायला लागायच्या, “आरसा बघा. तिसरा गिअर. नजर लांब ठेवा, कठड्याकडे नको.” आवाज कापायचा, तळवे ओले व्हायचे, पण गाडी पलीकडे उतरायची. पाचव्या आठवड्यात त्यांनी पूल सलग चार वेळा पार केला. मुलगी म्हणाली, आता डोंगर बघू.

शहरापासून तासाभरावर एक घाटरस्ता होता. रविवारी सकाळी दोघी निघाल्या. पहिली तीन वळणं बाईंनी बोलत बोलत घेतली. चौथ्या वळणावर डाव्या बाजूची झाडी संपली आणि नुसती हवा दिसली. बाईंचं बोलणं बंद पडलं. पाय लाकडासारखे झाले. गाडी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि मागे एक ट्रक हॉर्न वाजवत थांबला. मुलीने आपल्या बाजूचा ब्रेक धरला, खाली उतरून ट्रकवाल्याला हात जोडले, बाईंना हाताला धरून दुसऱ्या बाजूला बसवलं आणि गाडी खाली आणली.

परतताना ती म्हणाली, “मावशी, आता घरी सांगा. हे माझ्याच्याने व्हायचं नाही, आणि तुम्ही त्यांना घेऊन दरीच्या कडेला अशा थांबलात तर तिथे ब्रेक धरायला कुणी नसेल.”

बाईंनी त्याच दुपारी सांगितलं. सर टेबलाशी होते, लेक शेजारी. बाईंनी नकाशाच्या कोपऱ्यावर हात ठेवला आणि उभ्यानेच सगळं सांगितलं.

मुलगी म्हणाली, “आई, तिकिटं काढून झालीत. तीन आठवड्यांवर आलंय. आता सांगतेस?”

सरांनी वेगळंच विचारलं. “त्या शिकवणाऱ्या मुलीला कधीपासून माहीत आहे?”

“पाच आठवडे झाले.”

“आणि मी याच घरात होतो.”

दोन दिवस घरात भांड्यांचे आवाज तेवढे होते. सरांनी बूट कपाटात ठेवले. त्यांच्या बुटांचा आवाज इतके दिवस बाईंच्या डोक्यात जायचा, आता तो नव्हता तर घर खायला उठत होतं. बाई शिकवायला जायच्या, शिंप्याला हाफ क्लच समजावायच्या आणि मनात म्हणायच्या, यांचं एकच स्वप्न होतं आणि ते मी बुडवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाई उठून आल्या तर सर टेबलाशी होते, हातात खोडरबर. लाल रेघा खोडताना कागद दोन ठिकाणी फाटला होता.

“बस,” ते म्हणाले. आवाजात अजून राग होता. “घाट काढला. एकाच गावात, दरीच्या तळाशी, आठ दिवस राहायचं. डोंगरावर बसने जायचं, तिथले लोकही तसेच जातात. विमानतळापासून गावापर्यंत तेवढी तू चालवायचीस. तीन तास. जमेल?”

“वाटेत पूल किती?”

मुलगी आतून आली. तिने आदल्या दिवशी लॅबमधल्या जेवणाच्या सुट्टीत तो सगळा रस्ता फोनवरच्या फोटोंतून डोळ्यांखालून घातला होता. “सात. त्यातला एकच लांब आहे.”

बाईंनी नकाशावर तो रस्ता बोटाने मोजला. मग म्हणाल्या, “जमवीन. पण त्या वेळी कुणी माझ्याशी बोलायचं नाही.”

“आणि एक,” सर म्हणाले. “मला राग तू घाबरलीस याचा नाही आला. मला वाटलं, या माणसाला आता काही सांगण्यात अर्थ नाही असं तू ठरवलंस.”

थोडंसं तसं होतंही.

उरलेले दिवस बाईंनी त्याच उड्डाणपुलावर सराव केला. मुलीने सामानाची यादी तीनदा बदलली. विमानात बाईंचा डोळा लागला नाही. विमानतळावर गाडीची किल्ली हातात आली तेव्हा ती इतकी हलकी लागली की त्यांना ती खेळण्यातली वाटली. तिथे गाड्या आपल्या उलट्या बाजूने चालतात, त्याची बाईंना भीती वाटली नाही, कारण तो नियम होता आणि नियम पाळता येतात. सातही पुलांवर त्या मोठ्याने स्वतःला शिकवत राहिल्या. मागे मुलगी आणि शेजारी सर शाळेतल्या मुलांसारखे हात मांडीवर ठेवून गप्प बसले. गावात पोहोचल्यावर बाईंच्या पाठीचा कपडा पिळण्याइतका ओला झाला होता.

पहिले चार दिवस ठरल्यासारखे गेले. सकाळी बसने वर जायचं, सर काठ्या घेऊन तास-सव्वा तास चालायचे, दर दहा मिनिटांनी थांबून कुठला खडक कसा झिजला ते सांगायचे. बाईंचं लक्ष त्यांच्या पावलांवर आणि घड्याळावर. दर चार तासांनी गोळी. गोळी चुकली की त्यांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे आणि चेहरा थिजायचा.

पाचव्या दिवशी ते गाडीने शेजारच्या दरीतलं तळं बघायला गेले. सपाट रस्ता होता, बाईंनीच कबूल केलं होतं. दुपारी जोराचा पाऊस पडून गेला. परत निघाले तर वाटेत पोलिसांनी रस्ता बंद केला होता. डोंगराचा चिखल खाली आला होता, उद्यापर्यंत रस्ता सुटणार नव्हता. पोलिसाने हाताने दुसरी वाट दाखवली. ती वर जात होती. सरांनी पाटीवरचं नाव वाचलं. तो त्यांनीच खोडलेला घाट होता.

“इथेच कुठे तरी राहू,” मुलगी म्हणाली.

“राहू,” बाई म्हणाल्या. “गोळ्या दे, चारची वेळ झाली.”

मुलीने पाठपिशवी उघडली, पुन्हा उघडली, उलटी केली. गोळ्यांची डबी मुक्कामावर राहिली होती.

बाईंनी सरांकडे पाहिलं. त्यांचा उजवा पाय आधीच जड पडायला लागला होता. रात्रभर गोळीशिवाय म्हणजे काय, हे बाईंनी घरी एकदा पाहिलं होतं. त्यांनी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि वळवली.

सत्तावीस वळणं त्यांनी कशी घेतली हे त्यांना पुढे नीट सांगता आलं नाही. चौदाव्या वळणापाशी त्या थांबल्या. कडेला रुंद जागा होती. हात स्टिअरिंगवरून सुटेनात. कपाळ हातांवर टेकून त्या बसून राहिल्या. मुलगी रडवेली झाली होती. “माझ्यामुळे झालं,” ती म्हणाली. दहा मिनिटांनी सर म्हणाले, “अगं, मला काही घाई नाही.” ते खोटं होतं, शब्द त्यांच्या तोंडात अडखळत होते. ते अडखळणं ऐकून बाईंनी हॅण्डब्रेक सोडला.

सव्विसाव्या वळणावर ढग फाटले आणि समोर ती आली. करडी-पांढरी, चिरा पडलेली, डोंगराच्या खांद्यावरून खाली लोंबणारी हिमनदी.

“थांबशील?” सर हळूच म्हणाले.

“नाही हो. आता थांबले तर पुन्हा सुरू नाही करू शकणार.”

सरांनी मान वळवून मागच्या काचेतून जमेल तितकं पाहिलं. मग वळण आलं आणि ती गेली.

मुक्कामावर गोळी घेऊन तासाभराने त्यांचा चेहरा सैल झाला. बाईंनी विचारलं, “किती दिसली?”

“चार सेकंद असेल. पुस्तकात दाखवतात त्यापेक्षा मळकी आहे.”

दुसऱ्या दिवशी तिघं बसने तिथे गेले. सगळीकडे धुकं होतं, हात लांब केला तर बोटं दिसेनात. ओल्या बाकावर बसून सरांनी अर्धा तास धुक्यात बोट दाखवून दोघींना हिमनदी शिकवली. बाई ऐकत होत्या आणि परतीची बस या धुक्यात कशी खाली जाईल याचा विचार करत होत्या.

ती नीट गेली. परतीचे सात पूलही नीट गेले. घरी आल्यावर काही फार बदललं असं नाही. कधी बाई उड्डाणपुलावरून जातात, कधी खालच्या रस्त्याने वळसा घालतात, पण वळसा घातला की घरी तसं सांगतात. सरांना आता काठीशिवाय जमत नाही. आणि मुलीने गाडी शिकायला सुरुवात केली आहे, आईकडे नाही, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या त्या लवंगवालीकडे. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी पाच ते सहा बाईंचं कशातच लक्ष लागत नाही. त्या दर दोन मिनिटांनी खिडकीशी जातात, आणि सर म्हणतात, “अगं, तिथे आहे दुसरा ब्रेक.”